कम्युनिटी बँडमध्ये मार्च वाजवायचाय? पहिल्या रिहर्सलपासून चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, पार्कातल्या कॉन्सर्टपर्यंत सगळं

मार्च म्हणजे पावलं टाकायच्या ठेक्यातली बँडची धून. आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. पुण्यात कॉलेजात असताना चार वर्षं ढोल-ताशा पथकात होतो, कमरेला ढोल, हातात टिपरू, आणि डोक्यात एकच गोष्ट की आपला आवाज शेजारच्या पथकापेक्षा मोठा आला पाहिजे. नंतर नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात आलो, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली आणि तिच्या बँडरूमच्या बाहेर एक कागद चिकटवलेला दिसला की गावच्या कॉन्सर्ट बँडला पर्कशनवाले, म्हणजे तालवाद्यं वाजवणारे, हवेत, ऑडिशन नाही. गेलो. कंडक्टर बाई शाळेतल्या रिटायर्ड बँड टीचर, त्यांनी विचारलं काय वाजवतोस, मी म्हटलं मोठा ढोल, त्यांनी बास ड्रमकडे बोट केलं. पहिल्या मार्चच्या आठव्या मापात (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट, मेझर) त्यांनी बँड थांबवला, माझ्याकडे आल्या, एक जुना टॉवेल ड्रमच्या कातड्यावर टाकला आणि म्हणाल्या, आता वाजव, आणि निम्म्याने वाजव. त्याला आता अकरा वर्षं झाली. तर हा लेख त्या टॉवेलपासून पुढे जे शिकलो त्याचा आहे. तुम्ही क्लॅरिनेटवाले असा, ट्रम्पेटवाले असा किंवा माझ्यासारखे बडवणारे, मार्चचं गणित सगळ्यांना सारखंच लागतं.

बँड शोधणं आणि आत शिरणं

हे सगळ्यात सोपं काम आहे आणि लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. अमेरिकेत जवळपास प्रत्येक मध्यम गावाच्या आसपास एखादा तरी कम्युनिटी बँड असतो, गावाचं किंवा काउंटीचं नाव टाकून शोधलं की सापडतो. आठवड्यातून एक संध्याकाळ रिहर्सल, दीड-दोन तास, बहुतेक ठिकाणी शाळेच्या बँडरूममध्ये. वर्षाला थोडीफार वर्गणी. वाजवणारे म्हणजे डेंटिस्ट, नर्स, ट्रक ड्रायव्हर, रिटायर्ड पोस्टमन, कॉलेजातली पोरं. तीस वर्षं पेटीत पडलेलं हॉर्न काढून परत आलेले लोक निम्मे असतात, त्यामुळे तुमचा सूर पहिल्या दिवशी फाटला तर कुणी वळूनही बघत नाही.

ही परंपरा फार जुनी आहे बरं का. आमच्याच राज्यातला ॲलनटाउन बँड १८२८ पासून चालू आहे, देशातला सगळ्यात जुना नागरी कॉन्सर्ट बँड म्हणून त्याचं नाव घेतात. आणि आयोवा राज्यात तर १९२१ साली कायदाच केला की गावाला वाटलं तर बँडसाठी छोटासा कर लावता येईल! जॉर्ज लँडर्स नावाचा बँडवाला त्या कायद्याच्या मागे होता, आणि कार्ल किंग नावाच्या मार्च लिहिणाऱ्या माणसाने त्या कायद्याच्या नावानेच एक मार्च लिहिला, आयोवा बँड लॉ. घरपट्टीवर मार्च लिहिणारा माणूस मला भयंकर आवडतो.

वाद्य नसेल तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. शाळांना वाद्यं भाड्याने देणारी दुकानं मोठ्यांनाही देतात. बॅरिटोन सॅक्स, ट्युबा, बास क्लॅरिनेट, टिंपनी असली महागडी धुडं बहुतेक वेळा बँडची किंवा शाळेची असतात. आणि कुठलं वाद्य शिकू असा प्रश्न असेल तर एक आतली गोष्ट सांगतो, ट्युबा, हॉर्न, बासून आणि पर्कशन यांना कुठलाच बँड नाही म्हणत नाही. फ्लूट आणि आल्टो सॅक्सची मात्र रांग असते. पन्नास जणांच्या बँडमध्ये साधारण दहा-बारा क्लॅरिनेट, सात-आठ ट्रम्पेट किंवा कॉर्नेट, पाच-सहा फ्लूट, पाच-सहा सॅक्स, चार हॉर्न, चार-पाच ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, दोन-तीन ट्युबा आणि चार-पाच पर्कशनवाले असले की मार्च भरून येतो. ट्युबा एकच असेल तर सगळं पोकळ वाटतं, पायाच नाही ना.

मार्चची हाडं मोजून घ्या

मार्च वाजवायच्या आधी तो कसा बांधलेला असतो हे एकदा समजून घेतलंत तर पुढची पन्नास मार्चेस फुकटात समजतात, कारण सांगाडा तोच असतो. सुरुवातीला चार किंवा आठ मापांचा इंट्रो, म्हणजे लोकांनो इकडे बघा. मग पहिली स्ट्रेन, म्हणजे चालीचा एक तुकडा, बहुतेक सोळा मापं, दोनदा. मग दुसरी स्ट्रेन, तीही दोनदा. मग येतो ट्रायो, आणि इथे सगळं बदलतं. सूर बदलतो, एक फ्लॅट वाढतो, म्हणजे आपल्या भाषेत आधीचा मध्यम आता षड्ज होतो. चाल लांब, गाण्यासारखी, आवाज खाली. त्यानंतर ब्रेक स्ट्रेन, याला बँडवाले डॉगफाइट म्हणतात, कारण खालची ब्रास (ट्रॉम्बोन, ट्युबा अशी पितळी वाद्यं) आणि वरची वुडविंड (फ्लूट, क्लॅरिनेट वगैरे) एकमेकांवर भुंकतात. आणि मग ट्रायोची चाल परत, या वेळी पूर्ण ताकदीने. बहुतेक अमेरिकन मार्च तिथेच, नव्या सुरातच संपतात, पहिल्या चालीकडे परत जात नाहीत.

उदाहरण घ्यायचं तर सगळ्यांना ठाऊक असलेलं घेऊ, जॉन फिलिप सूसाचं स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर. सूसा १८५४ ते १९३२, वॉशिंग्टनचा, १८८० ते १८९२ अमेरिकी मरीन दलाच्या मरीन बँडचा प्रमुख आणि मग स्वतःचा बँड घेऊन जगभर. हा मार्च १८९६ चा, आणि १९८७ मध्ये कायदा करून अमेरिकेचा राष्ट्रीय मार्च झाला. चार मापांचा इंट्रो, दोन स्ट्रेन ई फ्लॅटमध्ये, ट्रायोला ए फ्लॅट. ट्रायो एकदा हळू, मग डॉगफाइट, मग ट्रायो पिकोलोच्या (छोट्या, उंच आवाजाच्या फ्लूटच्या) नक्षीसकट, परत डॉगफाइट, आणि शेवटी ट्रायो सगळ्यांचा, पिकोलो वर, ट्रॉम्बोनची उलटी चाल खाली. म्हणजे एकच चाल तीनदा ऐकवली आणि तरी तिसऱ्यांदा अंगावर काटा येतो. का येतो? कारण पहिल्यांदा ती हळू होती. एवढंच. मला हे कळायला दोन सीझन लागले.

तालाचं म्हणाल तर तीन प्रकार लक्षात ठेवा, टू-फोर, कट टाइम आणि सिक्स-एट. पहिल्या दोनमध्ये आपल्या लोकांना त्रास होत नाही. सिक्स-एट मात्र अवघड जातं असं म्हणतात, पण मराठी कानाला अजिबात जाऊ नये, दादऱ्याच्या सहा मात्रा भराभर घ्या, पायाला दोनच ठोके लागतील, झालं. वॉशिंग्टन पोस्ट, १८८९ चा, याच तालात आहे आणि त्याच्यावर लोक तेव्हा टू-स्टेप नाचायचे. यातली ठरलेली चूक अशी की लांब-आखूड, लांब-आखूड या जोडीतला आखूड सूर सगळे उशिरा आणि फारच बारीक करून वाजवतात, मग चाल दुडकी राहत नाही, लंगडते. लांब सूर थोडा लवकर सोडा, मध्ये श्वासाएवढी फट ठेवा, आखूड आपोआप जागेवर येतो.

कागद कुठून आणायचे

सूसाच्या बाबतीत तर सरकारनेच लाड केलेत. त्याच मरीन बँडने त्याची सगळी मार्चेस नव्याने रेकॉर्ड करायचं काम घेतलं आणि वेबसाइटवर स्कोअर, सगळे पार्ट्स आणि रेकॉर्डिंग फुकट ठेवलं. त्यात कुठे कोणी गप्प बसायचं, कुठे एक सप्तक खाली वाजवायचं, कुठे बास ड्रमचा जास्तीचा ठोका, हे सगळं छापलेलं आहे. कम्युनिटी बँडसाठी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. बाकी जुनी मार्चेस, पंचाण्णव वर्षांहून आधी छापलेली, अमेरिकेत सार्वजनिक झालेली आहेत, स्कॅन करून ठेवलेल्या साइट्सवर मिळतात. पण आजच्या कुणी त्याचं नवं अरेंजमेंट केलं असेल तर ते विकत घ्यावं लागतं, झेरॉक्स मारू नका, बँडचा लायब्ररियन ओरडेल आणि बरोबर ओरडेल.

जुन्या सेटमध्ये दोन सापळे असतात. एक, पिकोलोचा पार्ट डी फ्लॅटचा असतो आणि आजचं पिकोलो सी चं, तेव्हा सगळं अर्धा सूर वर वाजवावं लागतं. दोन, हॉर्नचे पार्ट ई फ्लॅटचे असतात, कारण तेव्हा रस्त्यावर आल्टो हॉर्न वाजवायचे, आजच्या एफ हॉर्नवाल्याने एक पूर्ण सूर खाली वाचायचं. ज्यांना हे डोक्यात जमत नाही त्यांना आधीच नवीन कागद लिहून द्या, रिहर्सलच्या दिवशी कळलं तर वीस मिनिटं गेली. आणि जुने कागद छोटेसे असतात, पोस्टकार्डाहून थोडे मोठे, वाद्याला क्लिपने अडकवून चालता यावं म्हणून. चाळिशीनंतर ते वाचता येत नाहीत, हे अनुभवाने सांगतो. मोठे करून प्रिंट काढा.

कोणती मार्चेस निवडायची

इथे सगळ्यात मोठी चूक होते, मार्चचा कॉन्सर्ट म्हणून लागोपाठ बारा मार्चेस. पाचव्यापासून लोक फोन बघायला लागतात आणि ट्रम्पेटवाल्यांचे ओठ संपतात. सूसा स्वतः काय करायचा, कार्यक्रमपत्रिकेत ओव्हर्चर, सोलो, वॉल्ट्झ असलं सगळं ठेवायचा आणि मार्चेस बऱ्याचदा एन्कोर, म्हणजे टाळ्यांनंतरची जास्तीची चीज, म्हणून, टाळ्या विरायच्या आत पुढचा मार्च सुरू. एक मार्च अडीच ते चार मिनिटांचा असतो, तेव्हा तासाभरात सहा-सात मार्चेस आणि मध्ये तीन-चार वेगळ्या चीजा पुरे.

आणि मार्चेसही एका घरातल्या नकोत. आमच्याकडे साधारण असं मिश्रण असतं: दोन सूसा, एक सर्कसचा, एक इंग्लिश, एक युरोपातला. सर्कसच्या मार्चला स्क्रीमर म्हणतात, वेग भयानक, कार्ल किंगचा बार्नम अँड बेलीज फेव्हरिट, १९१३ चा, हा त्यांचा राजा. खालच्या ब्रासला त्यात एवढी पळापळ आहे की युफोनियमवाला रिहर्सलनंतर गप्पच असतो. ज्युलियस फुचिक या चेक माणसाने १८९७ मध्ये एंट्री ऑफ द ग्लॅडिएटर्स लिहिलं ते रोमन योद्ध्यांना डोळ्यासमोर ठेवून, आणि जगाने ते विदूषकाला देऊन टाकलं, चाल ऐकलीत की लगेच ओळखाल. इंग्लिशमध्ये केनेथ ऑल्फर्डचं कर्नल बोगी, १९१४, खऱ्या नावाने रिकेट्स, लष्करी बँडमास्टर. गोष्ट अशी सांगतात की गोल्फ खेळणारा एक जण ओरडण्याऐवजी दोन सुरांची शीळ घालायचा, त्या दोन सुरांवरून मार्च सुरू होतो. मैदानावरच्या लष्करी बँडचा वेग थोडा संथ, ऐटीत, म्हणून इंग्लिश मार्च अमेरिकन मार्चसारखा पळवू नका, मिनिटाला ११२ ते ११६ ठोके ठेवा. सूसा १२०च्या आसपास. स्क्रीमर १४०च्या वर जेवढं झेपेल तेवढं, आणि झेपत नसेल तर १३२ला स्वच्छ वाजवा, पार्कात कुणी स्टॉपवॉच घेऊन येत नाही.

शेवटच्या आधी रॅडेट्स्की मार्च ठेवा, थोरल्या योहान स्ट्राउसचा, १८४८. व्हिएन्नाच्या नववर्षाच्या कॉन्सर्टमुळे लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात हे माहीत असतं. कंडक्टरने वळून हळू-मोठ्याची खूण केली की लहान पोरंसुद्धा सामील. वेग मात्र टाळ्यांच्या नादाने वाढतो, तिथे माझी परीक्षा.

रिहर्सल: चाल शेवटी, पाया आधी

आमच्या बाई नवीन मार्च काढला की एकदा सगळा वाजवून घेतात, कसाही, आणि मग म्हणतात, चालवाल्यांनी खाली ठेवा. मग पहिली स्ट्रेन फक्त ट्युबा, बास ड्रम आणि हॉर्न. ट्युबा ठोक्यावर, हॉर्न दोन ठोक्यांच्या मध्ये. धम-चिक, धम-चिक. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण या दोघांची सोळा मापं सरळ लावायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ क्लॅरिनेटवाले पहिल्यांदा ऐकतात की आपण कशावर उभे आहोत. हॉर्नवाल्यांची चूक ठरलेली असते, ते ट्युबाची वाट बघतात आणि मग वाजवतात, म्हणजे कायम उशीर. घरी एक करा, मेट्रोनोम लावा आणि असं समजा की तो टिक तुमचा, म्हणजे ऑफबीटचा आहे, ठोका तुम्ही मनात घ्या. पहिले दोन दिवस डोकं फिरतं, तिसऱ्या दिवशी जमतं.

दुसरी गोष्ट सुरांची लांबी. मार्चमध्ये सूर लांबवला की गाडी चिखलात गेली. क्वार्टर नोटला (साधारण एका ठोक्याच्या सुराला) पूर्ण किंमत न देता शेवटी थोडी हवा ठेवायची, पण तोडायचा नाही, घंटेवर टोला पडून सोडून दिल्यासारखा. ट्रायोत मात्र उलट, तिथे सूर जोडून गायचे. एकाच मार्चमध्ये हे दोन्ही आलं नाही तर सगळं एकसुरी होतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आवाजाची चढउतार. छापील कागदावर सगळे सगळीकडे वाजवतात असं दिसतं. त्याचं कारण साधं आहे, छोट्या गावच्या पंधरा जणांच्या बँडलाही तो मार्च रस्त्यावर चालताना वाजवता यावा म्हणून तसा छापायचे. सूसा स्वतःच्या बँडसोबत कॉन्सर्टमध्ये तसा वाजवायचाच नाही. दुसरी स्ट्रेन पहिल्या वेळी हळू, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, पिकोलो, झांजा सगळे गप्प, क्लॅरिनेट एक सप्तक खाली. दुसऱ्या वेळी सगळे आत, पूर्ण आवाज. ट्रायोलाही तसंच. हे कागदावर नव्हतं, वाजवणाऱ्यांच्या तोंडी चालत आलं. तुमच्याकडे जुना सेट असेल तर पहिल्याच रिहर्सलला कंडक्टरने सगळ्यांना पेन्सिल काढायला लावून हे लिहून घ्यायचं: दुसरी स्ट्रेन, पहिली वेळ, गप्प. मोठ्या अक्षरात. आणि जिथे वर बघायलाच हवं तिथे चष्म्याचं चित्र काढायची पद्धत आहे. माझ्या फोल्डरमध्ये आता एवढे चष्मे आहेत की ऑप्टिशियनचं दुकान वाटतं.

पहिल्या वर्षी मी लिहून घेतलं नव्हतं. स्टार्स अँड स्ट्राइप्स, चार जुलै, गवतावर तीन-चारशे माणसं खुर्च्या टाकून. ट्रायो पहिल्यांदा, क्लॅरिनेट कुजबुजल्यासारखी सुरू होणार, आणि मी पहिल्या ठोक्याला, पथकाच्या सवयीने, धाडकन. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं, कुणाचा तरी कुत्रा भुंकला. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

पर्कशन, म्हणजे आमचा कोपरा

इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही.

जुन्या मार्चमध्ये ड्रम्स असा एकच कागद असतो, वरच्या दांड्या स्नेअरच्या (काड्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमच्या), खालच्या बास ड्रमच्या. झांज वेगळी लिहिलेली नसते, बास ड्रमसोबत झांज असं गृहीत धरलेलं असतं, जोपर्यंत फक्त बास ड्रम असं लिहिलेलं नाही तोपर्यंत. त्यामुळे झांजवाल्याने माझ्याच कागदावरून वाजवायचं आणि माझ्या शेजारी उभं राहायचं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

बास ड्रम मधोमध मारू नका. मधोमध नुसता थड आवाज येतो. मध्य आणि कड यांच्या मधल्या जागी मारा, तिथे सूर असतो. गोंडेदार मऊ गदा संथ संगीतासाठी, मार्चला थोडी घट्ट डोक्याची घ्या. आणि दुसरा हात रिकामा ठेवू नका, तो पलीकडच्या कातड्यावर, ठोका मारल्यावर आवाज किती वेळ राहू द्यायचा ते त्या हाताने ठरवायचं, गुडघाही लावतात. माप हे की तुमचा आवाज ट्युबाच्या सुराएवढाच लांब हवा. ट्युबा थांबला आणि ड्रम अजून घुमतोय म्हणजे तुम्ही चुकलात. ढोलाला आपण घुमू देतो, तिथे तेच हवं असतं, गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत यायला हवा असतो. इथे पन्नास जणांच्या सुरांत मावायचं असतं. टॉवेल त्यासाठी.

सूसाच्या बँडमध्ये ऑगस्ट हेल्मेके नावाचा बास ड्रमवाला होता. मार्चमध्ये कागदावर नसलेले एकटे ठोके, चाल जिथे वळते तिथे नेमके, हे त्याच्या वाजवण्यामुळे प्रसिद्ध झाले आणि आज आपण सूसा ॲक्सेंट म्हणून वाजवतो ते तेच. असा ठोका एका स्ट्रेनमध्ये एक, फार तर दोन. त्याच्या आधीचे ठोके थोडे हळू घेतलेत तर तो न बडवताही उठतो. सगळेच ठोके जोरात मारले तर ॲक्सेंट कशावर देणार?

स्नेअरवाल्यांना दोनच सांगणं, रोल दाबून भरू नका, मोकळे आणि मोजून, आणि वुडविंड ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठे आहात. झांजा आपटायच्या नसतात, एकमेकींवरून सरकवून मारायच्या आणि आखूड सूर असेल तर लगेच छातीला लावून बंद करायच्या. पर्कशनला खरी मजा हवी असेल तर सूसाचं सेंपर फिडेलिस घ्या, १८८८ चं, मरीन कोअरचा अधिकृत मार्च. ट्रायोच्या आधी सगळा बँड गप्प आणि फक्त ड्रम्स वाजतात. आयुष्यात पहिल्यांदा सगळे मागे वळून आपल्याकडे बघतात.

हो, आणि कानात प्लग घाला. वीस-पंचवीस डॉलरमध्ये संगीतवाल्यांचे मिळतात, आवाज कमी करतात पण कापसाचा बोळा घातल्यासारखं वाटत नाही. ट्रम्पेटच्या पुढ्यात बसणाऱ्या सॅक्सवाल्यांनी तर नक्कीच.

कॉन्सर्टच्या दिवसाची यादी

बाहेर वाजवायचं म्हणजे वारा हा एक्कावन्नावा वाजवणारा. कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येक स्टँडला चार, दोन वर दोन खाली. कागदावर ठेवायला पारदर्शक प्लास्टिकची शीट असेल तर उत्तम, पण पान उलटताना ती घसरते, म्हणून प्रत्येक मार्च एका पानावर किंवा समोरासमोरच्या दोन पानांवर बसवा. सगळे मार्च वाजवायच्या क्रमाने फोल्डरमध्ये लावून ठेवा, घरी, आदल्या रात्री. क्लॅरिनेट आणि ओबोवाल्यांनी लाकडी वाद्य उन्हात ठेवू नका, चिरतं. उन्हाने सूर चढतात, तेव्हा सावलीत ट्यून करून उन्हात बसण्यात अर्थ नाही, जिथे वाजवायचं तिथेच ट्यून करा.

बाहेर आवाज परत येत नाही, भिंती नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपण ऐकूच येत नाही आणि सगळे जोर लावतात, दहा मिनिटांत ट्रायोचा हळूपणा गेला. कान नका वापरू, कंडक्टरचा हात बघा, हेही अकरा वर्षांत दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी लागतं.

सैन्याच्या वेगवेगळ्या दलांच्या गाण्यांची मेडली ठेवलीत, आणि इथे चार जुलै किंवा मेमोरियल डेला (शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाला) ती लागतेच, तर प्रत्येक दलाचं गाणं आलं की त्या दलात नोकरी केलेले लोक उभे राहतात. तिथे घाई करू नका. गेल्या वर्षी एक आजोबा वॉकर धरून उठेपर्यंत त्यांचं गाणं संपत आलं होतं, बाईंनी डोळ्यांनीच खूण केली आणि आम्ही ती आठ मापं पुन्हा घेतली. कागदावर नव्हतं, पण पन्नासच्या पन्नास जण बरोबर गेले. वर बघायची सवय अशा वेळी कामाला येते.

शेवटचा मार्च स्टार्स अँड स्ट्राइप्स, शेवटच्या ट्रायोला पिकोलोवाले उभे राहून पुढे येतात ही पद्धत. आमच्याकडे पंचाहत्तरीच्या एक बाई आहेत, त्या एकट्याच. पुढे येताना चालत यायला किती मापं लागतात ते रिहर्सलमध्ये प्रत्यक्ष चालून मोजा, डॉगफाइट चालू असतानाच निघावं लागतं आणि मध्ये वायर, स्टँड, ट्रॉम्बोनच्या स्लाइड असं सगळं असतं. ट्रॉम्बोनवाल्यांनाही त्याच वेळी उभं करायचं असेल तर ते आपल्या जागीच उठू देत. आणि बाकीच्यांनी, म्हणजे मी धरून, पहिल्यांदाच पूर्ण आवाज द्यायचा. आता द्यायचा. आधी नाही.

संपल्यावर पळायचं नाही. वाद्यं पेटीत घालायला फ्लूटवाल्यांना दोन मिनिटं लागतात आणि आम्हाला टिंपनी, बास ड्रम, स्टँड, झांजा ट्रकमध्ये चढवायला पाऊण तास, तेव्हा फ्लूटवाल्यांनो, निदान स्टँड तरी गोळा करा. फोल्डर लायब्ररियनच्या खोक्यात परत. पेन्सिलच्या खुणा स्वतःच्या सेटमध्ये असतील तर खोडू नका, पुढच्या वर्षी तेच मार्च निघतात. भाड्याचा सेट असेल तर मात्र सगळं खोडून द्या. आणि चिमटे मोजून घ्या, दरवर्षी सात-आठ कमी भरतात.